कच्च्या वह्या

बायको जाणार हे पेंटरला आधीच माहीत होतं. डॉक्टरांनी महिने सांगितले होते, ते संपले आणि ती गेली. पण तिच्या वह्याही गेल्या आहेत, हे त्याला कळलं ते त्यानंतर चार महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी, स्वतःच्याच दुकानात, समोर चहा निवत असताना.

त्या सकाळी विद्यापीठातल्या बाई आल्या होत्या. ज्या बोली बोलणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, त्या बोली गोळा करायच्या, हे त्यांचं काम. पेंटरच्या बायकोनं त्यांना वर्षभरापूर्वी पत्र पाठवलं होतं. बाई तेव्हा दुसऱ्या कामावर लांब होत्या. पत्र त्यांच्या टेबलावर पडून राहिलं. उत्तर द्यायला त्या स्वतः आल्या तेव्हा पत्र लिहिणारी राहिली नव्हती. तसं त्यांनी दारातच बोलून दाखवलं आणि मान खाली घातली.

"तुमचा काय दोष," पेंटर म्हणाला. "ती काम पुरं करून गेलीय. बसा, दाखवतो."

त्यानं स्टूल पुसून दिलं आणि कपाटातून सात वह्या काढल्या. काळ्या कापडी पुठ्ठ्याची बांधणी, प्रत्येकीच्या पाठीवर सोनेरी रंगात आकडा. बाईंनी पहिली वही उघडली आणि त्या थांबल्याच.

"काय अक्षर आहे हो."

"चाळीस वर्षं पाट्या रंगवतोय. तेवढं तर यायलाच हवं."

"म्हणजे हे तुम्ही लिहिलंय?"

"लिहिलं तिनंच. तिचं पेन्सिलीतलं होतं, कच्चं. मी शाईनं पक्कं केलं."

बाईंनी पहिल्या पानावरचा तक्ता बोटानं मोजला. मग चष्मा काढून पुसला आणि परत मोजला.

"इथं एकोणीस खुणा आहेत."

"असतील."

"त्यांनी मला चौतीस लिहिल्या होत्या."

बाईंनी पिशवीतून पत्र काढून त्याच्यासमोर ठेवलं. बायकोचं अक्षर चार महिन्यांनी समोर आलं म्हणून पेंटरनं आधी नुसतंच बघितलं, वाचलं नाही. मग वाचलं. तिनं रोजच्या भाषेत लिहिलं होतं, की माझ्या माहेरच्या बोलीतले आवाज शाळेतल्या अक्षरांत मावत नाहीत, म्हणून मी माझ्यापुरत्या चौतीस खुणा केल्या आहेत. खाली नमुन्याला तिच्या बोलीतली एक ओळ होती आणि त्याखाली समजावून सांगितलं होतं: रेघ डावीकडे कललेली असेल तर श्वास आत ओढून बोलायचं. उजवीकडे कललेली असेल तर आवाज खाली सोडायचा. रेघेच्या पोटात टिंब असेल तर जीभ बाजूंनी उचलायची. बाकीच्या खुणा भेटल्यावर तोंडानं करून दाखवेन, कागदावर नीट कळायच्या नाहीत.

पेंटरची नजर नमुन्याच्या ओळीवर गेली. एकच गोल अक्षर तीनदा आलं होतं. एकदा त्याच्या डोक्यावरची रेघ डावीकडे पडली होती, एकदा उजवीकडे, एकदा सरळ आणि तिच्यात टिंब. ज्या माणसानं आयुष्यभर अक्षरंच बघितली, त्याला ते समजून घ्यायला कुणाची गरज नव्हती. त्यानं आपली वही ओढून शेजारी ठेवली. त्याच्या वहीत ते गोल अक्षर पानापानावर होतं, आणि सगळीकडे त्याच्या डोक्यावर एकच रेघ होती. सरळ, ओळंबा लावल्यासारखी.

"मला वाटलं हात कापतोय," तो म्हणाला. "आजारी माणूस. म्हटलं रेघा वाकड्या जाताहेत."

"आणि तक्त्यात?"

"तक्त्यात एकच अक्षर चार-चारदा काढलं होतं. मला वाटलं, औषधाच्या गुंगीत विसरून परत काढलं. मी एकच ठेवलं."

बाईंनी वही मिटली. मग सावकाश विचारलं, "मूळ वह्या कुठे आहेत?"

"कच्चं मी ठेवत नाही," पेंटर म्हणाला. हे वाक्य त्यानं आयुष्यात शेकडो गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. त्या दिवशी ते पहिल्यांदा त्याच्या स्वतःच्या कानावर पडलं.

तो त्याच्या धंद्याचा नियम होता. उस्तादानं पहिल्या महिन्यातच शिकवलेला. पाटी झाली की खाका, म्हणजे तिचा कागदावरचा कच्चा आराखडा, फाडायचा. खाका राहिला की तो दुसऱ्याच्या हाती लागतो, मग बाजारात तुझ्या अक्षराच्या दोन पाट्या होतात आणि दुसरी बिघडलेली असते. दुसरा नियम असा, की एकच अक्षर एका पाटीवर दोन तऱ्हांनी येता कामा नये. गिऱ्हाइकाला लिहिता-वाचता येत नसलं तरी तेवढं त्याला बरोबर दिसतं. या दोन नियमांवर पेंटरनं नाव कमावलं होतं आणि त्याच दोन नियमांनी त्यानं बायकोच्या वह्या उतरवल्या होत्या. पान उतरवून झालं की पेन्सिलीचं पान फाडायचा, चार तुकडे करायचा आणि बाकाखालच्या डब्यात टाकायचा. त्या डब्यातल्या कागदांना तो ब्रश पुसतो. डबा शनिवारी कचऱ्यात रिकामा होतो.

तरी बाईंच्या समोर त्यानं तो डबा फरशीवर उपडा केला. गेल्या आठवड्याचे कागद निघाले. एका दवाखान्याच्या पाटीचा खाका, निळ्या रंगानं माखलेला. दोघं जण ओणवे होऊन एकेक चिटोरा उलटून बघत राहिले, आणि दोघांनाही माहीत होतं की त्यात काही नाही.

लग्न झालं तेव्हा पेंटरला वाटलं होतं, बायकोची बोली म्हणजे आपल्याच भाषेची काहीतरी गावरान तऱ्हा असणार. तसं नव्हतं. ती वेगळीच भाषा होती. तिची वस्ती वर डोंगरात होती, आणि कामासाठी माणसं खाली येत गेली तशी वस्ती मोकळी झाली. खाली आलेल्यांनी पोरांना खालची भाषा शिकवली. शेवटी ती बोलणाऱ्या दोघीच राहिल्या. पेंटरची बायको आणि तिची थोरली बहीण, आक्का. आक्का घरी आली की दोघी स्वयंपाकघरात बसून त्यांच्या बोलीत सुरू व्हायच्या. मध्येच खिदळायच्या. पेंटर बाहेर पेपर उलटा धरल्यासारखा बसायचा.

"माझ्याच चहाड्या चालल्यात ना?" तो विचारायचा.

"तुमच्यासारख्याच्या चहाड्या करायला आमच्या बोलीत शब्द नाहीत," बायको म्हणायची.

गल्ली तिला पेंटरीणबाई म्हणायची. एकदा जेवताना तिनं त्याला तीन शब्द म्हणून दाखवले. एकाचा अर्थ पाऊलवाट, दुसऱ्याचा थोरली लेक, तिसऱ्याचा राख.

"तिन्ही एकच आहेत," पेंटर म्हणाला.

"तुमच्या कानाला."

"अगं, अक्षर एकच आहे ना?"

"अक्षर तुमचं एकच आहे. आवाज माझे तीन आहेत. अक्षर म्हणजे काय आवाज असतो होय? ती नुसती खूण. ज्यांनी खुणा केल्या त्यांच्या तोंडात होते तेवढ्याच आवाजांना केल्या. माझ्या आईला कुणी विचारायला आलं नव्हतं."

पेंटरला ते पटलं, पण त्यानं शिकायचं मनावर घेतलं नाही. उद्या बघू म्हणता म्हणता बत्तीस वर्षं गेली. त्याला त्या बोलीतले दोन शब्द येत होते, पाणी आणि पुरे. तेही ती म्हणायची की चुकीचे म्हणता.

मग तिचा घसा बसला. आधी सर्दी म्हणून काढे घेतले. बरं वाटेना म्हणून तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. तीन महिन्यांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली. मुलगी दुसऱ्या शहरातून आली ती रेकॉर्डिंगची तयारी करूनच. "आई, तू बोल. सगळं बोलून ठेव. मी भरून घेते."

बायकोनं दोन दिवस बोलून बघितलं. मग मुलीनं भरलेलं ऐकलं आणि मान हलवली. घसा इतका खरखरला होता, की वर जाणारा आवाज आणि खाली पडणारा आवाज एकच झाला होता. पाऊलवाट आणि राख, दोन्हीला तीच घरघर.

"हे पुसून टाक," ती मुलीला म्हणाली. "हे खोटं आहे. हे कुणी ऐकलं तर आमची बोली अशीच होती असं म्हणतील."

आणि तिनं पेन्सिल घेतली.

तीन महिने ती आरशासमोर बसून होती. एक हात गळ्यावर, एक हात ओठांपुढे. घशातून आवाज धड निघत नव्हता, पण जिभेला, श्वासाला सगळं पाठ होतं. ती शब्द नुसता तोंडात घोळवायची, श्वास कुठे जातो ते तळहाताला बघायची आणि तशी रेघ काढायची. श्वास आत गेला तर रेघ एका बाजूला, आवाज पडला तर दुसऱ्या बाजूला. पेंटर येता-जाता बघायचा.

"मुंग्या कुठे निघाल्यात एवढ्या?" तो विचारायचा.

"तुमच्या उस्तादाकडे," ती लिहिता लिहिता म्हणायची. "चार रेघा उसन्या मागायला."

तिनं सात वह्या भरल्या. आईकडून ऐकलेल्या गोष्टी, झाडापाल्याची नावं, पाळण्याशी म्हणायची गाणी, भांडणातले टोमणे, शब्द आणि त्यांचे अर्थ. शस्त्रक्रिया झाली. आवाज गेला आणि पुढे पाच महिन्यांत दुखणं बाकीच्या अंगात पसरलं. ती पाटीवर खडूनं लिहून बोलायची. एक दिवस तिनं रोजच्या भाषेत लिहून दाखवलं: "शेवटचं पान तुमच्यासाठी. आमच्या बोलीत आहे. मी गेल्यावर तक्ता घेऊन बसा आणि जुळवा. बत्तीस वर्षं चालढकल केलीत, आता तरी शिका."

पेंटर हसला आणि रडू येऊ नये म्हणून दुकानात गेला. तिच्यासाठी काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. डॉक्टर करायचं ते करत होते, मुलगी स्वयंपाक बघत होती. त्याला अक्षर तेवढं येत होतं. म्हणून त्यानं वह्या उतरवायला घेतल्या. दीड महिना. शेवटचं पान उतरवायला त्यानं नवीन निब काढली.

सातवी वही पुरी झाली तेव्हा त्यानं सगळा गठ्ठा तिच्या पलंगावर नेऊन ठेवला. तिनं एक वही उघडली. बराच वेळ बघितली. दुसरी उघडली. मग पाटी मागून लिहिलं, "कच्चं कुठे आहे?"

"कच्चं मी ठेवत नाही. तुला माहीत नाही का?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. पाटीवरचं पुसलं आणि लिहिलं, "सुरेख झालंय."

तिच्या शेवटच्या आठवड्यातली ही एक गोष्ट पेंटर सांत्वनाला आलेल्या सगळ्यांना सांगत होता.

ती गेल्यावर तो रोज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून शेवटचं पान घेऊन बसायचा. तक्त्यावरून आवाज लावायचा, दुसऱ्या वहीतल्या शब्दांच्या यादीत अर्थ शोधायचा. एका शब्दापुढे चार-चार अर्थ निघायचे. उंबरा, भूक, धाकटा, परत. त्याला वाटायचं, आपलंच डोकं जड, ती म्हणायचीच. चार महिने त्याचा असा समज होता. मंगळवारी तो फिटला.

बाई जाताना पत्राची एक प्रत त्याच्यासाठी ठेवून गेल्या. "त्यांची बहीण आहे म्हणालात ना? त्यांना वाचता येतं?"

"नाही. ऐकायलाही कमीच येतं."

"तरी जाऊन बघा," बाई म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात आशा नव्हती.

तो गुरुवारी गेला. आक्का मुलाकडे राहायची, मागच्या खोलीत. ऐंशी पार, दात सगळे गेलेले, कानापाशी तळहात धरून ऐकायची सवय. पेंटरनं खाट जवळ ओढली आणि शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. सतरा ओळी. आक्काचे खांदे हलायला लागले. आधी त्याला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

"हे कोण बोलतंय, पेंटर? शेळी?"

"तुमच्या बहिणीनं लिहिलंय, आक्का."

"ती असं नव्हती बोलत. तुम्ही तिचं बोलणं इस्त्री करून आणलंत."

हे इतकं बरोबर होतं की पेंटरनं पान खाली ठेवलं. त्यानं सांगितलं ते सगळं. पत्र, रेघा, डबा. आक्काचं हसू गेलं. मग त्यानं एकेक शब्द घेतला. श्वास आत ओढून म्हणून बघितला, आवाज पाडून म्हणून बघितला, जीभ उचलून म्हणून बघितला. उच्चार ओबडधोबड होता, पण आक्का ओठांकडे बघून ओळखत होती.

"यातला कुठला?"

"तिन्ही आहेत."

"तिन्ही शब्द आहेत?"

"हो. आणि एक चौथाही आहे, तो तुमच्या तोंडातून निघणार नाही."

"पण तिला यातला कुठला म्हणायचा असेल?"

"ते मी कसं सांगू? मी काय तिच्या पोटात बसले होते?" आक्का म्हणाली. सातव्या शब्दापर्यंत ती दमली आणि भिंतीला टेकली.

"आक्का, मग तुम्हीच सांगा की. गोष्टी, गाणी, जे आठवेल ते. बाई येऊन भरून घेतील."

"दात गेले तसे निम्मे आवाज गेले. उरलेले बोलायचे कुणाशी? ती होती तोवर जीभ हलत होती. आता एकटीच बोलले तर सून डॉक्टरला बोलावते." तिनं डोळे मिटले. "गोष्टी तिला यायच्या. मी थोरली. मला कामं होती."

रविवारी मुलगी आली. बापाचा चेहरा बघून तिनं आधी त्याला जेवायला घातलं आणि मग विचारलं. पेंटरनं सगळं सांगितलं.

"बाबा, आईनं या वह्या बघितल्या होत्या ना?"

"बघितल्या होत्या."

"तिनं सुरेख म्हटलं ना? तिला चालत होतं. मग तुम्ही कशाला जीव जाळताय?"

"तिला दिसलं नसेल. डोळे थकले होते."

"डोळे कसले थकले? शेवटचे दोन दिवस पेन्सिल उशाशी घेऊन होती. मला खुणेनं म्हणाली, सातवी वही दे. मी मांडीवर उशी ठेवून दिली. काहीतरी करत होती जरा वेळ. मग पेन्सिल खाली पडली, ती मी उचलून ठेवली."

पेंटरला आठवलं. बायको गेल्यानंतर आठवड्याभरात त्यानं वह्या कपाटात लावल्या, तेव्हा सातव्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीचे डाग दिसले होते. शाईच्या रेघांवर आडवेतिडवे. हात लागून पान खराब झालं, असं त्याला वाटलं होतं. त्यानं मऊ खोडरबर घेतलं होतं आणि शाईला धक्का न लावता पान लख्ख केलं होतं. तसं करायला चांगला हात लागतो. तो हात त्याला होता.

त्यानं हे मुलीला सांगितलं नाही. तो उठला, सातवी वही घेतली आणि दुकानात गेला.

पाटीला रंगाचं अस्तर दिल्यावर ते नीट बसलं की नाही हे समोरून कळत नाही. पाटी डोळ्याच्या पातळीवर आडवी धरायची आणि खिडकीकडे तोंड करायचं. तिरप्या उजेडात बारीकसा खड्डासुद्धा लपत नाही. पेंटरनं शेवटचं पान तसं धरलं. खोडरबरनं शिसं निघतं, दाब निघत नाही. पहिल्या ओळीच्या पहिल्या शब्दावर, त्याच्या सरळ रेघेला छेदून एक बारीक खाच होती. डावीकडे कललेली. दुसऱ्या शब्दावर उजवीकडे. तिसऱ्यावर डावीकडे, आणि तिच्या पोटात टिंबाचा टोचा. चौथ्यावर उजवीकडे, आणि खाली एक आकडी, जी पत्रात नव्हती. पाचव्या शब्दावर एक लांब खाच होती, ती सुरू होऊन घसरत पानाच्या कडेपर्यंत गेली होती. तिथं पेन्सिल पडली असणार. पुढे काही नव्हतं.

त्यानं नऊ दिवस काम बंद ठेवून सातही वह्यांचं पान नि पान खिडकीशी धरलं. आणखी कुठेही काही नव्हतं.

म्हणजे तिला दिसलं होतं. पहिली वही उघडली तेव्हाच दिसलं होतं. कच्चं कुठे आहे म्हणून तिनं विचारलं, त्यानं दिलं ते उत्तर ऐकलं, आणि पाटीवर सुरेख लिहून दिलं. मग अंगात उरलं होतं तेवढं घेऊन ती दुरुस्तीला बसली होती, आणि सात वह्यांमधून तिनं सुरुवातीला घेतलं ते त्याचं पान.

पेंटर घरी तिच्या आरशासमोर बसला. एक हात गळ्यावर, एक हात ओठांपुढे. आठवडाभर त्यानं ते चार शब्द घोटले. श्वास आत ओढून बोलताना त्याला ठसका लागायचा. त्या आकडीचं काय करायचं ते कळत नव्हतं, म्हणून चौथ्या शब्दाच्या पाच तऱ्हा करून ठेवल्या. मग तो आक्काकडे गेला.

आक्काला बरं नव्हतं, सुनेनं तिला भिंतीला उशा लावून बसवलं होतं. त्यानं तिच्या ओठांसमोर तोंड नेलं आणि तीन शब्द म्हटले. चौथा म्हटला. ती बघत राहिली. चौथा दुसऱ्या तऱ्हेनं म्हटला. मग तिसऱ्या.

"थांबा," आक्का म्हणाली. तिनं हात पुढे करून त्याच्या गळ्यावर ठेवला. "परत."

त्यानं परत म्हटलं.

"अशी म्हणायची ती," आक्का म्हणाली. "अगदी तशी नाही. पण तिचंच आहे."

"काय म्हणते?"

"'माझ्यावर रागावू नका, पण.'"

पेंटर थांबला. सून दारात येऊन उभी राहिली.

"पुढे वाचा की," आक्का म्हणाली.

"पुढे नाही."

"नाही म्हणजे? पण म्हणून कुणी गप्प बसतं का?"

"तिनं लिहिलंय पुढे. सतरा ओळी आहेत. मला म्हणता येत नाहीत."

"जमेल तसं म्हणा."

त्यानं पाचवा शब्द म्हटला. चार तऱ्हांनी. आक्का प्रत्येक वेळी मान हलवत गेली. हा होतो. हाही होतो. हा झाला तर चांगलं म्हणतेय, हा झाला तर वाईट. शेवटी ती म्हणाली, "काय केलं होतं तिनं, तुम्ही रागवावं असं?"

"काही नाही. मला तरी माहीत नाही."

"मग तुम्ही काय केलं होतंत?"

पेंटरच्या मनात आधी वह्या आल्या. पण बायकोनं ते पान त्यानं वह्या फाडण्याच्या कितीतरी आधी लिहिलं होतं, म्हणजे कारण ते नव्हतं. ते दुसरं काहीतरी होतं. बत्तीस वर्षांतलं काहीतरी, जे तिला रोजच्या भाषेत सांगता आलं नाही किंवा सांगावंसं वाटलं नाही. तो मनात एकेक वर्ष मागे गेला, आणि दर वर्षात रागावण्यासारखं काही ना काही निघालं. दर वेळी बोलणारा तोच होता, ऐकणारी ती.

"मी दर गुरुवारी येतो," तो आक्काला म्हणाला.

"या," आक्का म्हणाली. "चहा सून करेल."

तो दर गुरुवारी जात राहिला. पाचव्या शब्दाच्या पुढे ते सरकले नाहीत. थंडी सरता सरता आक्काची एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी सुनेचं नाव, मग दिवस. एका गुरुवारी त्यानं ते चार शब्द म्हटले तर ती म्हणाली, "कुठली भाषा आहे ही? छान आहे." त्यानं पाणी या शब्दासाठी तिच्या बोलीतला शब्द म्हटला. तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि रोजच्या भाषेत विचारलं, की तुम्ही कोणाकडे आलात.

विद्यापीठातल्या बाईंनी कळवलं, की वह्या आमच्याकडे जपून ठेवता येतील, पण त्या कुणाला वाचता येणार नाहीत. पेंटरनं त्या दिल्या नाहीत. तो अजून पाट्या रंगवतो. हात तसाच आहे. फक्त आता खाका फाडत नाही. बाकावर खाक्यांचे गठ्ठे झाले आहेत आणि त्यांचा कुणालाही काही उपयोग नाही.

सात वह्या कपाटात आहेत. सातव्या वहीच्या शेवटच्या पानावर सतरा ओळी आहेत. त्यातले चार शब्द वाचून झाले आहेत. बाकीचं वाचायचं राहिलं आहे.